शार्डलेक नेमका कुठे बदलतो? सातपैकी कोणते तीन भाग घ्यावेत?

धूळपाटी
सी. जे. सॅन्समच्या मॅथ्यू शार्डलेक मालिकेत सात कादंबऱ्या आहेत, वाचनगटात तीनच घेता येतील. आठव्या हेन्रीच्या काळातला हा कुबड असलेला वकील सुरुवातीला धर्मसुधारणेचा (पोपशी फारकत घेऊन मठ मोडीत काढण्याच्या चळवळीचा) कट्टर पाईक असतो आणि शेवटच्या भागात शेतकऱ्यांच्या बंडात जाऊन पोचतो. हा प्रवास कळायला कोणते तीन भाग घ्यावेत? मधले गाळले तर काय निसटेल? खुनी कोण ते कृपया सांगू नका.

जुनी पाने
'डिसोल्यूशन', 'सॉव्हरिन', 'टूमलँड'. याच क्रमाने.

प्रत्येक भागात त्याला कामाला कोण लावतं ते समासात लिहीत चला, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. 'डिसोल्यूशन'मध्ये (काळ १५३७) तो राजाचा प्रमुख मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा माणूस. ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या एका मठात क्रॉमवेलच्या अधिकाऱ्याचं मुंडकं उडवलं गेलंय, त्याचा तपास. मठ बंद झालेच पाहिजेत याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. राजाची दुसरी राणी ॲन बुलीन हिच्या खटल्यामागचं सत्य कळतं तेव्हा पहिला तडा जातो.

'सॉव्हरिन'मध्ये (१५४१) काम आर्चबिशप क्रॅनमरचं: यॉर्कमधला एक राजकैदी लंडनला धडधाकट पोचवायचा, म्हणजे टॉवर या लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात त्याचा छळ करता येईल. जुना शार्डलेक हे कर्तव्य म्हणून करून मोकळा झाला असता. इथे त्याला ते टोचत राहतं. त्यात राजा भर लोकांत त्याच्या कुबडाची टर उडवतो. पुढच्या सगळ्या भागांतला शार्डलेक या प्रसंगातून घडलाय, हा भाग कुठल्याही यादीतून वगळू नये.

कंदील
निवड पटते, पण 'डार्क फायर' (१५४०) सोडल्याने मोठं नुकसान होईल. सगळे भाग प्रथमपुरुषी आहेत. स्वतःत झालेला बदल निवेदकाला कळत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडून यावा लागतो. ते काम त्याचा मदतनीस जॅक बराक करतो आणि तो येतो 'डार्क फायर'मध्ये. शिवाय क्रॉमवेलचा शेवटही त्याच वर्षीचा, २८ जुलै १५४०. आश्रयदाता गेल्यावर माणूस कसा उघडा पडतो ते इथे दिसतं. त्यातली एलिझाबेथ वेंटवर्थ न्यायालयात तोंड उघडत नाही. आरोप कबूल की नाकबूल हे आरोपीने सांगितल्याशिवाय तेव्हा ज्यूरीपुढे खटला चालत नसे, आणि गप्प राहणाऱ्याच्या अंगावर वजनं रचत. गरीब आणि एकट्या पडलेल्या अशिलांकडे त्याचा ओढा वाढतो त्याची सुरुवात या खटल्यात सापडते.

आणखी एक अडचण. 'लॅमेंटेशन' (१५४६) न वाचता 'टूमलँड' उघडलंत तर बराकचा हात कधी गेला आणि निकोलस कोण, हे समजणार नाही. दोन्ही गोष्टी आधी पाच मिनिटांत सांगून टाका. हेन्रीची सहावी राणी कॅथरीन पार हिच्याबद्दलही सांगा. 'हार्टस्टोन' आणि 'लॅमेंटेशन'मध्ये तो तिचं काम करतो, मनातून तिच्यात गुंतलेला असतो. ती १५४८ मध्ये वारली, म्हणून १५४९ च्या 'टूमलँड'मध्ये तो राजकन्या एलिझाबेथच्या कामावर आहे.

धूळपाटी
'टूमलँड' आठशेच्या वर पानांचं आहे. एका बैठकीत कसं जमेल?

जुनी पाने
दोन बैठका करा. खटल्याचा भाग पहिल्या बैठकीत, नॉरिचबाहेर माऊसहोल्ड माळावरची, बंडाचा नेता रॉबर्ट केट याची छावणी दुसरीत. छावणीत शिरल्यावर खुनाचा तपास बराच काळ थांबतो आणि रहस्यासाठी आलेले वाचक तिथेच कंटाळून पुस्तक सोडतात. रहस्यकथा म्हणून तो दोषच आहे, पण आयुष्यभर सत्तेची कामं केलेला हा माणूस पहिल्यांदा सत्तेविरुद्धच्या लोकांत राहतो तो याच पानांत.

कंदील
क्रमाबद्दल मात्र तडजोड नको. एलिस पीटर्सच्या ब्रदर कॅडफेल या मध्ययुगीन भिक्षू-तपासनीसाच्या वीस कादंबऱ्या बऱ्याचशा कुठूनही वाचता येतात, कारण धर्मयुद्ध वगैरे सगळं पाहून झाल्यावर तो मठात आलाय. त्याची खरी कसोटी लागते ती शेवटच्या भागात, मुलासाठी मठाचा नियम मोडताना. शार्डलेकचं तसं नाही. प्रत्येक भागात त्याच्या श्रद्धेचा एकेक तुकडा गळतो. 'सॉव्हरिन' आधी वाचलं तर 'डिसोल्यूशन'मधला त्याचा तो ठाम विश्वास नुसता भाबडेपणा वाटेल.