अँप्लोनिउसची यादी: ग्रंथ शहराचे की विद्यापीठाचे?

जुनी_दप्तरं
जर्मनीतल्या एरफुर्ट विद्यापीठाचा दुसरा रेक्टर (म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख) अँप्लोनिउस रेटिंग, पेशाने वैद्य. १४१० ते १४१२ च्या सुमारास त्याने आपल्या पोथ्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून काढली. आधी व्याकरण, मग काव्य, तर्क, गणित असं करत वैद्यक, कायदा आणि शेवटी धर्मशास्त्र. एकूण ६३३. हे सगळं त्याने १४१२ मध्ये स्वतः काढलेल्या कॉलेजला देऊन टाकलं.

१८१६ मध्ये प्रशियाने विद्यापीठच बंद केलं. १९९४ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. २००१ पासून संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, पण कायमच्या उसनवारीवर! मालक एरफुर्ट शहर. आपल्याच रेक्टरची यादी विद्यापीठाने उसनी ठेवायची? माझ्या मते शहराने हक्क सोडावा.

तलाठी_आप्पा
असहमत. नाव तेच असलं तरी सातबारा वेगळा. १७८ वर्षं विद्यापीठच नव्हतं, तेव्हा ही बाडं एरफुर्टातच टिकली ना? १९९४ मध्ये जन्मलेल्या संस्थेने १३९२ च्या जुन्या विद्यापीठाचा वारसा सांगायचा म्हणजे खापरपणजोबांचं नाव ठेवलं म्हणून त्यांची जमीन मागण्यासारखं आहे. शहर मालक, विद्यापीठ कूळ. चाललंय की बरं!

जुनी_दप्तरं
कूळकायदा तुम्हीच काढलात म्हणून विचारतो, कसेल त्याची जमीन ना? मग सांभाळेल त्याचे ग्रंथ.

तलाठी_आप्पा
हाच न्याय लावला तर दर पन्नास वर्षांनी मालक बदलेल.

रेवतीची_खिडकी
दोघंही मूळ दानपत्र विसरताय. दान विद्यापीठाला नव्हतं, कॉलेजला होतं, आणि त्या कॉलेजात त्याने आपल्या राइनबर्ग गावच्या मुलांसाठी जागा राखल्या होत्या. दात्याची इच्छाच प्रमाण धरायची तर राइनबर्गकरांनाही बोलवा. (मी काही त्यांची वकील नाही.)

आणि 'पोथ्या' नको हो. ही बांधीव बाडं आहेत, एकेकात अनेक ग्रंथ. त्यामुळे ६३३ हा आकडा बाडांचा, ग्रंथांचा नाही.

जुनी_दप्तरं
पोथ्यांचं मान्य, चुकलंच. राइनबर्गचं मात्र नाही. विद्यापीठच नसेल तर त्या मुलांनी ग्रंथ वाचायचे कुठे?

शाई_आणि_कागद
मालकीवर एवढा खल करण्याआधी यादी उघडा. मूळ ६३३ पैकी आज साधारण ४३० उरलीत, म्हणजे दोनशेच्या वर गेली. काय गेलं हे कळतं ते फक्त म्हाताऱ्याने विषयवार लिहून ठेवलं म्हणून. उलट आजच्या संग्रहात ९७९ बाडं आहेत, कारण नंतरही भर पडत गेली. 'अँप्लोनिउसचं ते द्या' म्हणाल तर आधी वेगळं काढावं लागेल, आणि ते याच यादीवरून. लॅटिन शब्दांना जुन्या इंग्रजीत अर्थ देणारा प्रसिद्ध एरफुर्ट शब्दकोश याच संग्रहातला, अँप्लोनिउसच्याही कितीतरी शतकं आधीचा. त्याने तो मिळवला तेव्हाच ते जुनं बाड होतं. त्याच्या आधीच्या मालकांचं काय करायचं?

तलाठी_आप्पा
आता फेरफार नोंदी काढायला बसलो तर रात्र जाईल.

जुनी_दप्तरं
बरं, बाडं शहराकडे राहू द्या. यादी तरी विद्यापीठाच्या नावे करा!

रेवतीची_खिडकी
जमीन ठेवून नुसता सातबारा देताय होय?