खाडीकाठी साधे, आधुनिक घर: सपाट छप्पर आणि काच यांबद्दल सल्ला हवा

खाडीकाठ:
नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडच्या खाडीकाठी आमची अकरा गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. आजोबांचे मातीचे घर कधीच पडले. आता तिथे जोत्याचे चिरे, एक विहीर आणि उंडीची दोन झाडे उरली आहेत. निवृत्तीनंतर मी आणि पत्नी तिथे कायमचे राहायला जाणार आहोत. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पाण्याकडे तोंड केलेली एक मोठी बसायची जागा, एवढेच आम्हाला पुरे आहे. घर अगदी साधे असावे, नक्षी नको, सामानाची गर्दी नको, अशी दोघांची मनापासून इच्छा आहे. सपाट छप्पर, पांढऱ्या भिंती आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, असे चित्र मनात आहे. थोरले काका मात्र म्हणतात, "खाडीवर कौलांशिवाय घर टिकत नाही." त्यांचे म्हणणे केवळ सवयीतून आले आहे की त्यामागे कारण आहे, हे पैसे घालण्याआधी समजून घ्यायचे आहे.

समांतर रेषा:
मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम करतो. काकांच्या म्हणण्यामागे कारण आहे, पण ते कौलांपेक्षा वळचणीत आहे. कोकणातला पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि भिंतीवर झड मारतो. जुन्या घरांना पडवी असे, छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येई, आणि पावसाळ्यापूर्वी पडवीला झावळ्यांची झापे बांधत, ती याचसाठी. भिंतीला चिकटून संपणारे सपाट छप्पर छायाचित्रात सुंदर दिसते, पण पहिल्या दोन पावसाळ्यांत गिलाव्यावर काळे ओघळ उतरतात, आणि पांढरी भिंत हेच ज्या घराचे सगळे सौंदर्य, त्या घराला लपवायला दुसरे काही नसते. छप्पर उतरते ठेवा, उतार एकाच बाजूला दिलात तरी चालेल. मात्र ते पाण्याकडच्या बाजूला निदान चार-पाच फूट पुढे काढा. त्या एका ठळक रेषेने घर आधुनिकच दिसेल.

काचेबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मीस व्हान डेर रोहे या वास्तुरचनाकाराने अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फॉक्स नदीकाठी बांधलेले फार्न्सवर्थ हाउस १९५१ मध्ये पूर्ण झाले. चारही बाजूंनी काच असलेले हे घर आपण सगळे साधेपणाचा आदर्श म्हणून अभ्यासतो. पुराचा विचार करून त्या घराची फरशी सुमारे १.६ मीटर उचललेली होती, तरीही १९५४ मध्ये पाणी आत शिरले आणि १९९६ च्या पुरात काचाही फुटल्या. म्हणून जोत्याची उंची ठरवताना गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा की उधाणाचे आणि नदीच्या पुराचे पाणी एकाच वेळी आले, तेव्हा ते कुठवर चढले होते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर अलिबागजवळ नांदगावला स्टुडिओ मुंबई या वास्तुरचना संस्थेने २००७ मध्ये केलेले पामायरा हाउस पाहा. नारळीच्या बागेतल्या त्या दोन लांबट लाकडी इमारतींना ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांची आवरणे आहेत. वारा आत येतो, उन्हाची तिरीप अडते आणि समुद्र दिसत राहतो. तुमच्या पश्चिमेच्या काचेबाहेर अशा सरकत्या पट्ट्या नसतील, तर मार्च ते मे दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवणार नाही.

चिरेबंद:
वरच्या उत्तराशी सहमत आहे. मी साइटवर काम करणारा अभियंता आहे, म्हणून लोखंडाबद्दल लिहितो. गेल्या वर्षी खाडीकाठच्या एका बंगल्याच्या सज्जाची दुरुस्ती केली. बांधकाम जेमतेम बारा वर्षांचे होते. हातोडीच्या हलक्या ठोक्याने काँक्रीटची खपली हातात आली. आतल्या १० मिलिमीटरच्या सळईचे पापुद्रे सुटत होते आणि मधोमध पेन्सिलीतल्या शिशाएवढी तार उरली होती. सळईवरचे काँक्रीट मोजले, तर ते १५ मिलिमीटर भरले. आयएस ४५६ या मानकात किनारी भागासाठी किमान ४५ मिलिमीटर आच्छादन आणि एम ३० प्रतीचे काँक्रीट सांगितले आहे. समुद्राचे तुषार उडत असतील तिथे ५० मिलिमीटर आणि एम ३५. हे आकडे करारनाम्यात लिहून घ्या आणि स्लॅब ओतण्याच्या दिवशी स्वतः पट्टी लावून पाहा. खाडीची वाळू आणि मचूळ पाणी काँक्रीटला अजिबात वापरू देऊ नका.

भिंतींना जांभाच घ्या. बाहेरून चिरा उघडा ठेवून दरजा नीट भरल्यात, तर दर दोन वर्षांनी रंग काढण्याची गरज उरणार नाही. बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, कारण ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात.

भरतीरेषा:
नकाशा काढण्याआधी सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या सरकारी निर्बंधांचे, पाहा. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागातल्या खाडीकाठी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यात नवे बांधकाम करता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेत हे अंतर ५० मीटर झाले, पण जिल्ह्याचा सुधारित किनारा आराखडा मंजूर झाल्यावरच ते लागू होते. जुने घर अधिकृत असेल, तर मूळ जोत्याच्या क्षेत्रफळात पुनर्बांधणीची तरतूद आहे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधा आणि ते जोत्याचे चिरे मोजणी होईपर्यंत हलवू नका.

खाडीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. चिरे पुढच्या आठवड्यात उचलायचे ठरले होते. ते काम आजच थांबवले. आईच्या ट्रंकेत घरपट्टीच्या पावत्या असाव्यात, त्या शोधतो. वळचणीचे काकांना फोनवर वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले की विहिरीच्या कठड्यावर आजोबांनी पुराच्या पाण्याची खूण कोरून ठेवली आहे. रविवारी जाऊन ती मोजतो आणि इथे कळवतो.