मदत हवी आहे: सीएसएसमधला ग्रेडियंट उलटा का येतोय?

नमस्कार मंडळी,

मावशीच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरचं वेबपेज मी सांभाळतो. बॅनरला संध्याकाळचं आभाळ आहे, वर गडद निळं आणि खाली केशरी, म्हणजे ग्रेडियंट (एका रंगातून हळूहळू दुसऱ्यात जाणारी छटा). टेम्प्लेट जुनं, कुणाकडून तरी आयतं मिळालेलं. त्यातल्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) ही ओळ होती:

बॅकग्राउंड: -वेबकिट-लिनिअर-ग्रेडियंट(टॉप, नेव्ही, ऑरेंज);

व्यवस्थित चालत होती. मला दुर्बुद्धी सुचली आणि साफसफाई म्हणून वेबकिटचा प्रीफिक्स (सुरुवातीला जोडलेलं ते '-वेबकिट-') काढला. बॅनर पांढराफटक! त्यावरची अक्षरंही पांढरी, म्हणजे सगळंच गायब. मग 'टॉप'चं 'टू टॉप' केलं. रंग आले, पण आभाळाचं शीर्षासन झालं. रंगांची अदलाबदल करून भागेल हो, पण असं का होतं ते कळायला हवंय.

दुसरं म्हणजे, तिरका करून पाहिला तेव्हा '४५ डिग्री' आणि 'टू टॉप राइट' फोनवर सारखेच दिसले (बॅनर ३६० बाय ३६०), लॅपटॉपवर मात्र अगदी वेगळे (१२०० बाय ३००).

प्रतिसाद १:
जुन्या, प्रीफिक्सवाल्या पद्धतीत रंग कुठून निघतो ते लिहायचे, नव्या, बिनप्रीफिक्सच्या पद्धतीत कुठे पोचतो ते. एसटीच्या पाटीवर आधी सुटण्याचं गाव असायचं, आता फक्त पोचायचं गाव आहे असं समजा. तुमचा जुना 'टॉप' म्हणजे आजचा 'टू बॉटम'. तो डीफॉल्टच आहे, गाळलात तरी चालेल. प्रीफिक्स नसताना 'टू'शिवाय नुसतं 'टॉप' लिहिलं की ब्राउझर ती अख्खी ओळच रद्द करतो, म्हणून पांढरं.

कोनही बदललेत. पूर्वी शून्य म्हणजे उजवीकडे आणि मोजणी घड्याळाच्या उलट. आता शून्य म्हणजे वर आणि मोजणी घड्याळाप्रमाणे. ९० मधून जुना कोन वजा करा, नवा मिळतो. गंमत म्हणजे ४५ चे ४५ च राहतात, त्यामुळे तिथे ही भानगड लक्षातच येत नाही.

प्रतिसाद २:
'टू टॉप राइट' म्हणजे ४५ डिग्री नव्हे. त्यात बरोबर मधल्या रंगाची रेघ उरलेल्या दोन कोपऱ्यांतून, म्हणजे वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या, जाईल असा कोन ब्राउझर स्वतः काढतो. चौरसात तो ४५ येतो. तुमच्या १२०० बाय ३०० मध्ये जेमतेम १४, म्हणजे जवळपास सरळ वर. सगळीकडे एकच तिरकेपणा हवा असेल तर डिग्री लिहा. टोकाचे रंग कोपऱ्यात दोन्ही प्रकारांत पूर्ण येतात, ती काळजी नको.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, जमलं! 'टू बॉटम' मुद्दाम लिहूनच ठेवलंय, नाहीतर पुढच्या दिवाळीला मीच विसरेन. तिरक्याचा बेत रद्द. मावशीने लॅपटॉपवर पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "चकलीचा फोटो अंधारात गेलाय."