विद्यापीठाचा 'खुला दिवस': ठेवावा, बदलावा की बंद करावा?

धूळपाटी (मूळ धागा)

वर्षातून एक दिवस विद्यापीठाचा परिसर सर्वांसाठी खुला करायचा, प्रयोगशाळा दाखवायच्या, व्याख्यानं ठेवायची, मुलांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करू द्यायचे आणि अंधार पडला की दुर्बिणीतून आकाश दाखवायचं. अनेक ठिकाणी हे होतं. आपल्याकडे बऱ्याच संस्था २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, असं करतात. अलीकडे या दिवसाबद्दल नाराजीचा सूर वाढलेला दिसतो: वेळ वाया जातो, नुसती गर्दी होते, शेवटी ती जाहिरातच असते. मला हा दिवस हवा आहे, आणि आतापेक्षा जास्त गंभीरपणे हवा आहे.

पहिलं कारण सरळ आहे. सार्वजनिक विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालतं आणि त्याच लोकांना फाटकावर "काय काम आहे?" असं विचारलं जातं. "बघायचंय" हे उत्तर एरवी चालत नाही. निदान एक दिवस तरी ते चाललं पाहिजे.

दुसरं कारण मायकेल फॅरडे, पुढे विजेवरच्या शोधांनी गाजलेला शास्त्रज्ञ. पुस्तकबांधणी शिकणारा हा मुलगा विशीत असताना, १८१२ साली, एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने टिपणं काढली, ती बांधून डेव्हीकडे पाठवली आणि १८१३ मध्ये तो तिथेच मदतनीस म्हणून लागला. पुढे तरुणांसाठीची नाताळची व्याख्यानं १८२५ मध्ये तिथेच सुरू झाली आणि फॅरडेने ती अनेक वर्षं स्वतः दिली. ज्याला दार उघडं मिळालं, त्याने ते पुढच्यांसाठी उघडं ठेवलं.

पण माझा एक आग्रह आहे. त्या दिवशी चकचकीत, पूर्ण झालेलं काम दाखवू नका. अर्धवट काम दाखवा. जो प्रयोग जमत नाहीये तो, ज्या आलेखावर गटातच दोन मतं आहेत तो. लोकांना ज्ञानाचे निकाल सगळीकडे मिळतात, ते तयार होताना मात्र कुठेच बघायला मिळत नाही.

कंदील

असहमत. मी संशोधक विद्यार्थी आहे आणि हा दिवस कोणाच्या अंगावर पडतो ते इथे कोणीतरी लिहायला हवं.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. पोस्टर आम्ही करतो, खुर्च्या आम्ही लावतो, आदल्या रात्री उपकरण बंद करून झाकून ठेवतो आणि नंतर ते पुन्हा स्थिर व्हायची वाट बघत बसतो. विभागाकडून निरोप येतो, "तुमच्या गटातले दोघं पाठवा." ते दोघं कोण, हे सांगायला नको. या कामाची नोंद कुठेही होत नाही. प्रबंधात नाही, शिष्यवृत्तीच्या अहवालात नाही. प्राध्यापक उद्घाटनाला येतात आणि जातात.

फॅरडेचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. त्याने डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली, पूर्ण, जागेवर बसून, लिहून घेत. त्याआधीही तो दुसरीकडे विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला जात होता. आमच्या टेबलासमोर माणूस थांबतो दोन मिनिटं, कारण मागून रांग ढकलत असते. यातून फॅरडे घडत नाही.

आणि जिनिव्हाजवळच्या सर्नसारख्या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेनेही जमिनीखालचा भाग लोकांना दाखवला तो २०१३ आणि २०१९ मध्ये, कणांना वेग देणारं यंत्र दीर्घ दुरुस्तीसाठी बंद होतं तेव्हा. २०१९ मध्ये सुमारे ७५,००० लोक आले. कणांचा झोत चालू असताना खाली कोणालाच जाता येत नाही, म्हणून ती वेळ. म्हणजे जिथे हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर होतं तिथेसुद्धा काम थांबवून लोक बोलावत नाहीत, थांबलेल्या कामाच्या काळात बोलावतात. आम्हाला मात्र चालू काम थांबवायला सांगतात.

धूळपाटी

कंदील, सर्नचा मुद्दा मला पूर्ण पटतो, फक्त निष्कर्ष वेगळा निघतो. तारीख प्रयोगशाळेच्या वेळापत्रकावरून ठरवा. एखाद्या विभागाचं उपकरण मे महिन्यात देखभालीसाठी उघडलेलं असेल, तर त्याचा खुला दिवस मे महिन्यात. उलट तेव्हाच आतले भाग दिसतील. सगळ्या विभागांनी एकाच दिवशी उघडायचं हा हट्ट पाहुण्यांच्या आणि छायाचित्रांच्या सोयीचा आहे.

श्रमांच्या नोंदीबद्दल काहीच वाद नाही. ते काम आहे, तर ते काम म्हणून मोजलं गेलं पाहिजे.

पायवाट

वरची सगळी चर्चा वाचली तर वाटेल विद्यापीठात फक्त प्रयोगशाळाच असतात. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, कायदा यांना त्या दिवशी जिन्याखालची जागा आणि दोन पोस्टर मिळतात. "तुमच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न आमच्याच सहकाऱ्यांकडून ऐकून मी थकले आहे.

दाखवण्यासारखं खूप आहे. तारीख नसलेलं जुनं हस्तलिखित कोणत्या काळातलं हे कसं ठरवतात? कागद उजेडासमोर धरला की कधीकधी जलचिन्ह दिसतं, अक्षरांची वळणं बघायची, मजकुरात आलेल्या माणसांचा काळ ताडून बघायचा, आणि तरीही दोन अभ्यासकांची उत्तरं जुळत नाहीत. एका कागदाभोवती दहा माणसं बसवून हे तासभर करता येतं. धूळपाटी म्हणतात ते अर्धवट काम आमच्याकडे रोजचंच आहे. कुठलं उपकरण बंद करावं लागत नाही, कुणाला भाजायची भीती नाही, आणि आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत स्वतःचं मत मांडू शकतो. भौतिकशास्त्राच्या टेबलासमोर तो फक्त मान डोलावू शकतो.

माझी मागणी: पुढच्या वेळी मुख्य सभागृह एकदा तरी मानव्यशाखेला द्या.

निरगाठ

मी हा दिवस बंद करावा या मताचा आहे, आणि कारण कंदीलपेक्षा वेगळं आहे.

फाटकातून आत गेल्यावर पहिलं टेबल कसलं असतं? प्रवेशप्रक्रियेचं. माहितीपुस्तिका, शुल्काचा तक्ता, "आमचे यशस्वी विद्यार्थी". ज्याला प्रवेश घ्यायचा नाही, म्हणजे निवृत्त माणूस, शेजारच्या वस्तीतली बाई, शाळा सोडलेला मुलगा, त्याच्यासाठी त्या टेबलावर काही नसतं. हा ग्राहक गोळा करण्याचा कार्यक्रम आहे आणि त्याला लोकशिक्षण म्हणणं मला सहन होत नाही.

लोकांपर्यंत जायचं तर कसं जायचं याचं उदाहरण जुनं आहे. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये विस्तार व्याख्यानं सुरू केली. तिथलेच जेम्स स्टुअर्ट त्याआधीच, १८६७ पासून, उत्तर इंग्लंडच्या शहरांमध्ये स्त्रियांसमोर व्याख्यानं देत होते. शिक्षक गावोगावी जायचे. आठवड्याला एक व्याख्यान, छापील टिपणं, नंतर चर्चेचा वर्ग, लेखी उत्तरं आणि शेवटी परीक्षा. कामगार, शिक्षिका, दुकानातले नोकर त्याला बसायचे. तो संबंध महिनोन्‌महिने टिकायचा. आपण एका दिवसाच्या रोषणाईवर समाधान मानतो आणि उरलेल्या ३६४ दिवसांचा प्रश्न मिटला असं समजतो. ग्रंथालयाचं वाचनदालन बाहेरच्यांना खुलं करा. संध्याकाळची व्याख्यानं फाटकावर नाव न विचारता ऐकू द्या. ते केलंत तर खुल्या दिवसाची गरज उरणार नाही, आणि ते होत नाही याचं एक कारण खुला दिवस आहे असं मी म्हणतो.

ओसरी

निरगाठ, तुमचा राग समजतो. पण तुम्ही सांगता ती वाचनदालनं आणि संध्याकाळची व्याख्यानं ज्याला आत जायची सवय आहे त्याच्याच कामाची. नाव न विचारता प्रवेश आहे हे आधी कळायला तर हवं. ज्या घरात कोणीच कॉलेजात गेलेलं नाही, तिथे विद्यापीठाच्या भिंतीची जरब असते. आपलं तिथे काही नाही, कोणीतरी हटकेल, हे इतकं पक्कं बसलेलं असतं की उघडं दारही बंद दिसतं. खुल्या दिवशी शेजारीपाजारी, लहान मुलं, म्हाताऱ्या सगळे एकत्र जातात. गर्दी आहे म्हणूनच ती जरब कमी होते. तुम्ही सगळे गर्दीला दोष देताय. आमच्यासारख्यांना आत जायचा धीर गर्दीने दिला.

आणखी एक. विद्यापीठात झाडलोट करणारे, बागेत काम करणारे, रात्रपाळीचे पहारेकरी वर्षानुवर्षं त्या इमारतींत वावरतात. त्यांच्या मुलांनी त्या खोल्यांमध्ये काय चालतं ते कधी पाहिलंय? त्या दिवशी उलट त्यांची सुट्टी रद्द होते. पहिलं आमंत्रण त्यांच्या घरी गेलं पाहिजे, आणि त्यांना त्या दिवशी कामाला न लावता.

धूळपाटी

ओसरींच्या दुसऱ्या मुद्द्याला आयोजकांकडून उत्तर यायला हवं. मी तो आमच्या समितीपुढे ठेवणार आहे.

निरगाठ, जाहिरातीचं टेबल उचला, मी तुमच्याबरोबर आहे. पण मुळातच हा दिवस जाहिरातीचा, असं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी असलेल्या विद्यापीठाच्या शेतीशिक्षण केंद्राने १९०९ मध्ये आसपासच्या लोकांना बोलावलं ते गाईंचा नवा गोठा बघायला. त्या लोकांना त्या गोठ्यातल्या ज्ञानाचा उपयोग होता. तो दिवस आजही होतो आणि विद्यार्थीच तो चालवतात. कोणाला काय बघायला बोलावतो, यावर सगळं अवलंबून आहे.

साखळीपूल

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो. लहान बंद खोलीत पन्नास माणसं उभी करून तो ओतत राहिलं तर हवेतला ऑक्सिजन कमी होतो, आणि नायट्रोजनला वास नसल्याने ते कळत नाही. दार-खिडक्या उघड्या हव्यात, ऑक्सिजनमापक हवा, भांडं लिफ्टमधून नेताना आत माणूस नको. हे नियम असतात, पण खुल्या दिवशी उत्साहात ते मागे पडतात. एका वेळी किती माणसं आत घ्यायची हा आकडा तंत्रज्ञाने ठरवावा आणि तो कोणत्याही पाहुण्यासाठी बदलू नये.

दुसरं म्हणजे गुलाबाचं फूल गोठवून फोडून दाखवणं बंद करा. टाळ्या मिळतात, कळत काही नाही. त्याच द्रवात अतिवाहक (थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ) थंड करा आणि त्यावर चुंबक तरंगताना दाखवा. मग सांगता येतं की १९८७ मध्ये जो पदार्थ सापडला तो ९३ केल्विनच्या खाली अतिवाहक होतो, द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला (तेच वरचे उणे १९६ अंश) उकळतो, म्हणून हा स्वस्त द्रव पुरतो. त्याआधी महागडा द्रव हीलियम लागायचा. सातवीतल्या मुलाला हे समजतं. पण समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि रांग दहा मिनिटं थांबू देत नाही. म्हणून माझं मत: निम्म्या प्रयोगशाळा बंद ठेवा, उरलेल्या नीट दाखवा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला जिथे पोचता येत नाही त्या खोल्या यादीतून आधी काढा, किंवा तिथलं प्रात्यक्षिक तळमजल्यावर आणा.

निरगाठ

साखळीपूल यांच्या प्रतिसादाशी सहमत, पण माझा प्रश्न तसाच आहे. ओसरी म्हणतात पहिल्यांदा आत जायचा धीर मिळाला. मान्य. त्यातले किती जण दुसऱ्यांदा आले? आले तर त्यांना दुसऱ्या दिवशी फाटकावर अडवलं का? कोणत्याही विद्यापीठाला हे मोजणं अवघड नाही. आलेल्या प्रत्येकाला वाचनदालनाचं वर्षभराचं ओळखपत्र जागेवर द्या आणि किती जणांनी ते वापरलं ते वर्षअखेरीला जाहीर करा. मग या दिवसाबद्दल मी माझं मत बदलीन. तोपर्यंत नाही.

ओसरी

असं ओळखपत्र मिळालं तर मी पहिली रांगेत.

कंदील

ओळखपत्राला पाठिंबा. निम्म्या प्रयोगशाळांना आणि वेळापत्रकाप्रमाणे तारीख ठरवण्यालाही. पण हे सगळं होईपर्यंत आम्ही फुकट राबायचं का, याचं उत्तर या धाग्यावर अजून मिळालेलं नाही. "मोजलं गेलं पाहिजे" एवढ्याने भागत नाही. धूळपाटी, तुम्ही समितीवर आहात. त्या दिवसाच्या कामाचे तास शिष्यवृत्तीच्या अहवालात धरले जातील आणि नकार देणाऱ्याला गाईडकडून त्रास होणार नाही, एवढं समितीकडून लेखी आणा. ते आलं तर अर्धवट आलेख घेऊन मी स्वतः उभा राहीन, आणि आमच्या गटात त्याबद्दल काय भांडण चाललंय तेही सांगेन.

धूळपाटी

दोन्ही मुद्दे पुढच्या बैठकीत मांडते. लेखी उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकते, नकार असला तरी.