रोमानियन नाव Gheorghe, उच्चार नक्की काय?

हे नाव देवनागरीत घेओर्घे, जॉर्ज, गेओर्गे असं काहीही लिहिलेलं दिसतं. बरोबर काय? आणि फुटबॉलपटू हाजी सोडून या नावाचं अजून कोण गाजलंय?

> ग्योर्गे. रोमानियनमध्ये जी नंतरचा एच फक्त 'ग' कडक ठेवायला असतो, नाहीतर ई च्या आधी त्याचा 'ज' होतो, त्यामुळे 'घ' अजिबात नाही. मूळ ग्रीक, अर्थ शेतकरी, म्हणजे आपला जॉर्जच.

> ग्योर्गे झाम्फिर ऐका! 'नाय' हे वाद्य म्हणजे बांबूच्या नळ्यांची बासरी, ती त्याने जगभर नेली. मला फार आवडतो.

> बास्केटबॉलवाला ग्योर्गे मुरेशान पण आहे ना, ७ फूट ७ इंच, एनबीएमधल्या सगळ्यात उंच खेळाडूंपैकी. आणि कम्युनिस्ट नेता ग्योर्गिऊ-देज, हुकूमशहा चाउशेस्कूच्या आधीचा, १९६५ मध्ये गेला, त्याचं पहिलं नावही ग्योर्गेच.

> बाकी ठीक, पण हाजीला असं बाजूला नका ठेवू, १९९४ च्या वर्ल्डकपमध्ये कोलंबियाविरुद्ध डावीकडून लांबून गोलकीपरच्या डोक्यावरून टाकलेला तो गोल अजून डोळ्यासमोर आहे, नंतर अर्जेंटिनाला पण ३-२ ने घरी पाठवलं. तिकडे लाडाने त्याला जिका म्हणतात, ग्योर्गेचंच छोटं रूप.