शेतकरी कंपनीला आचारसंहिता हवी, की आधी काटा सरळ हवा?

काळीमाती: यवतमाळ जिल्ह्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी, नाव घेत नाही. सल्लागार येऊन सांगून गेला: आचारसंहिता छापा, सगळ्यांच्या सह्या घ्या, तक्रारपेटी लावा, वर्षातून एकदा प्रशिक्षण ठेवा. माझा विरोध आहे. मागच्या हंगामातली सोयाबीन खरेदी आठवा. साध्या सभासदाचा नमुना कट्ट्याच्या बुडातून काढायचा. मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा, 14 टक्के आलं की कटती, म्हणजे कपात. संचालकाची ट्रॉली आली की काट्यावरचं पोरगं ढिगाच्या वरवरचे, उन्हानं वाळलेले दाणे मशीनमध्ये टाकायचं. 11 च्या आत! अख्खी रांग बघत होती. यावर पुस्तिका काय करणार? सत्यम या बड्या संगणक कंपनीला 2008 मध्ये कारभाराचं मोठं पारितोषिक मिळालं होतं. जानेवारी 2009 मध्ये खुद्द अध्यक्षानंच खोट्या हिशेबांची कबुली दिली.

जिनिंगवाला: सत्यमचं उदाहरण इथे चालत नाही. तिथे चोरी माडीवर, कागदात होती. तुमच्याकडे ती चारचौघांत, काट्यावर आहे. त्या पोराची नोकरी संचालकाच्या हातात. 'नाही' म्हणायला त्याच्याजवळ आहे काय? 'नमुना तीन जागचा, मालासोबत आलेल्या माणसासमोर, आकडा पावतीवर' एवढं काट्याच्या वर रंगवून ठेवा. मग तो निदान भिंतीकडे बोट दाखवून सुटेल. बड्या लोकांना नियम नको असतात, कारण नियम नसला की त्यांचा शब्द चालतो.

तुरीचीडाळ: राजेहो, पेटी लावसान, पन चाबी कोनापाशी राहीन? अध्यक्षापाशीच ना! आमच्याइकडं एका डाळमिलमंदी लावली होती. पयली चिठ्ठी निंघाली, तं अक्षर पाहूनच मुनीमजी म्हने, हे अमक्याच्या पोरीचं हाय. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाची हमाली बंद. गावात निनावी काही नसते बावा.

सेलूची_ताई: सगळे काट्यावरच अडकलात. प्रतवारीला बसणाऱ्या बायांना मुकादम काय बोलतो, ते कोणत्या पेटीत टाकायचं? कामाच्या जागी बायांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कामगार असले की अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि त्यात रोजंदार बायाही मोजल्या जातात. अध्यक्ष बाईच, निम्म्या सदस्य बाया, एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असले तर जिल्ह्याची स्थानिक समिती. समिती नेमली नाही तर 50 हजारांपर्यंत दंड. हा आचारसंहितेचा शौक नाही काळीमाती, कायदा आहे. आणि चाबीचा प्रश्न त्यातच सुटतो: पेटीही त्या बाहेरच्या माणसाच्याच हाती द्या.

काळीमाती: ताई, समितीला माझी ना नाही. ती उद्याच नेमा. पण बाकीचं? गुप्त तक्रारीची यंत्रणा कंपनी कायद्यानं सक्तीची आहे ती शेअर बाजारातल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांचं 50 कोटींवर कर्ज असलेल्या कंपन्यांना. आमचं कर्ज किती, तर बारदाना आणि गोदामापुरतं.

लेखापाल_वणी: सक्ती नाही म्हणून करायचं नाही, हे कुठलं शास्त्र? अंतर्गत लेखापरीक्षण मात्र उत्पादक कंपनीला सक्तीचंच आहे. खरेदीच्या पावत्या त्यात तपासायला लावा. संचालकांच्या पावत्यांवरची आर्द्रता एका रकान्यात, इतरांची शेजारी. चोरी दिसायला चिठ्ठी लागत नाही. शिवाय शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. आमसभेत विचारा.

काळीमाती: आमसभेत! गावच्या सोसायटीतही तोच माणूस संचालक आहे साहेब. पीककर्जाचा फॉर्म त्याच्याच टेबलावरून जातो. पोहे येईपर्यंत सगळे ठराव मंजूर झालेले असतात.

जिनिंगवाला: मग सल्लागाराच्या पुस्तिकेत पहिली ओळ तुम्हीच घाला: संचालकाच्या मालाचा नमुना रांगेतला पुढचा सभासद काढेल.

काळीमाती: ही ओळ असेल तर पुस्तिका छापा, मीच सही करतो. ठराव मांडतो. अनुमोदक कोण?

तुरीचीडाळ: माझं नाव लिव्हा. पन मी तुमच्या कंपनीचा सभासदच नाही ना भाऊ.