स्पोर्टी हॅचबॅक नाशकात घेणारा येडा असतो का?

गंगापूररोडकर: परवा एका महाशयांनी लिहिलं की नाशकात ह्युंदाईची आय-२० एन लाइन ही स्पोर्टी हॅचबॅक घेणारा एकतर बापाच्या जिवावर उडतो नाहीतर त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, तेवढ्या पैशात एसयूव्ही येते. डोकं सटकलं म्हणून लिहितोय. मी एन लाइन मॅन्युअल चालवतो. एक लिटरचं टर्बो इंजिन, १२० पीएस ताकद, १७२ एनएम टॉर्क म्हणजे खेच. आकडे सोडा हो, नांदुरीहून सप्तशृंगीला वर चढताना कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात काम भागतं, वळणात गाडी कलत नाही, स्टिअरिंगला वजन आहे, चारही चाकांना डिस्क. उंच गाडीत त्याच वळणावर मागचे एकमेकांच्या मांडीवर येतात. सस्पेन्शन कडक आहे, पेट्रोल पिते, माहितीये. पण चालवायला मजा येते ही गोष्ट हिशोबात धरायचीच नाही का?

सिडकोवासी: ते महाशय मीच. घाट वर्षातून दोनदा, द्वारका सर्कल रोज. दोन हजाराच्या खाली आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, गेले की टर्बो झोपतो, मग क्लच दाबत बसा. चार मीटर आणि बाराशे सीसीत कर वाचतो म्हणून सगळ्यांनी हीच छोटी इंजिनं चिकटवलीत. समृद्धीवर १२० ची मर्यादा, मग एवढी पॉवर काय पूजेला लावायची? माझ्या भावाकडे फोक्सवॅगनची पोलो होती, अशीच बुटकी. आईचे गुडघे गेलेत, ती उतरताना एक पाय बाहेर टाकून दाराची चौकट धरून तशीच बसून राहायची, कोणीतरी हात देईपर्यंत. स्कॉर्पिओ आपल्या नाशकात बनते, ती घ्या.

गंगापूररोडकर: वा. आणि गुडघे गेलेली आई स्कॉर्पिओत काय उडी मारून चढते?

सिडकोवासी: आईवर जाऊ नका, सांगून ठेवतो.

जुनी_जीटी: दोघंही शांत. एन लाइनला स्पोर्टी म्हणणाऱ्यांनी आधी पोलो जीटी टीएसआय चालवावी, १.२ वाली, चार सिलिंडर, १७५ एनएम. २०२२ ला पोलो बंद झाली आणि विषय संपला. तिचा ड्राय क्लचचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ट्रॅफिकमध्ये तापतो, मान्य. पण खरा वैरी आमच्या कॉलनीतला स्पीडब्रेकर आहे. नियमात उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडी अलगद वर जाऊन खाली यावी. आमच्याकडे रात्रीत डांबराचा ढीग ओतून गेले, पांढरा पट्टासुद्धा नाही. चार माणसं बसली की खालून खर्रर्र! मी मागच्या दोघांना उतरवून पुढे चालत पाठवतो.

पाटबंधारे_रिटायर्ड: स्पीडब्रेकरला शिव्या देताय म्हणून मध्ये पडतो. आमच्या गल्लीतला आम्हीच अर्ज करून बसवून घेतलाय. शेजारी शाळा, आणि कॉलेज रोडवरची सायलेन्सर बदललेली कार्टी संध्याकाळी तिथूनच बंदूक उडवल्यासारखी फाट-फाट करत जातात. तुमचा तो १० सेंटीमीटरवाला ताशी २५ साठी असतो. तुमची मंडळी येतात साठने!

जुनी_जीटी: काका, "तुमची मंडळी" कोण? माझ्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचाच आहे.

पाटबंधारे_रिटायर्ड: प्रत्येक जण हेच म्हणतो. उंची जास्त झालीये एवढं खरं, कंत्राटदाराला टेप द्यायची राहिली असेल.

सातपूरची_मी: सिंहस्थाच्या नावाने जिकडे तिकडे खोदून ठेवलंय आणि तुम्ही स्पीडब्रेकर मोजताय! एन लाइनला १६ इंची चाकं, टायरची भिंत बुटकी. अंबडकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझं अलॉय चाक वाकलं. तरी गाडी विकणार नाही, सिग्नल सुटल्यावर मागे हॉर्न मारणारे "बाई चालवतेय" वाले आरशात छोटे होत जातात ना, त्याचे पैसे वसूल आहेत.

सिडकोवासी: बरं बाबा, घाटात मजा येत असेल. तुम्ही मजा करा, आम्ही माणसं नेतो.

गंगापूररोडकर: एवढं कबूल केलंत, उपकार झाले. अलॉय कुठे सरळ करून मिळतं, कोणी सांगेल का? माझंही थोडं थरथरतंय.

पाटबंधारे_रिटायर्ड: अर्ज मागे घेणार नाही, हे लिहायचं राहिलं होतं.